आठ गुणिले व्यासाचा वर्ग

वायर रोपचा घेर मी व्यास म्हणून सूत्रात घातला. घेर पन्नास मिलिमीटर, व्यास सोळा. फौजेत बारा वर्षं झालेली, बाहीवर नाईकच्या दोन पट्ट्या, आणि चूक सातवीतल्या पोट्ट्याची.

पावसाळ्यात पूर-मदतीसाठी आमची सॅपर लोकांची, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांची, तुकडी रायपुरात ठेवली होती. मी तिथल्याच बुढापारा मोहल्ल्यातला, म्हणजे पोस्टिंग घराशेजारीच. पूर काही येत नव्हता. सहाला पीटी, आठला बोटी धुणे, दहाला त्याच बोटी मोजणे. आमचे हवालदार भोयर भंडाऱ्याकडचे. रोज एक सूत्र विचारायचे. रोज सगळ्यांच्या आधी माझा हात वर.

दुपारी दोन दहाला कॉल आला. शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्यामागे मैल्याचा टँकर खड्ड्यात घसरला. ड्रायव्हर आत अडकला. काठ खचतो म्हणून क्रेन जवळ जात नाही. दोन पन्नासला आम्ही पोचलो.

शहराचे संडास उपसायचे आणि इथं चोरून ओतायचे, असा तो धंदा. वर काळं तेल, खाली मैला, मधे फुगलेलं डुक्कर. हे करणारी माणसं घरी जाऊन हात धुतात आणि जेवतात. मला त्या डुकराची किळस आली नाही, त्यांची आली. अजून येते.

टँकर ड्रायव्हरच्या बाजूला कललेला. ड्रायव्हर दुकालू, भनपुरीचा. चेपलेल्या दारात पाय दबलेला, टँकर सरळ झाल्याशिवाय सुटणार नाही. गाळ त्याच्या हनुवटीखाली चार बोटं.

"नाईक, हिसाब लाव," म्हणून भोयर पलीकडे अँकर ठोकून घ्यायला गेले.

टँकर चार टन, आतला मैला चार टन. मडगार्डपर्यंत गाळ असला की ओढ वजनाच्या दुप्पट धरायची. सोळा टन. रोप पेलते किती? आठ गुणिले व्यासाचा वर्ग, उत्तर किलोत. मी रोपला टेप गुंडाळली. पन्नास. आठ गुणिले पन्नास गुणिले पन्नास, वीस हजार. वीस टन! एकच रोप पुरते, वर चार टन शिल्लक. वही कोणाला दाखवायची गरज मला वाटली नाही. रोप ओढणाऱ्या विंचवाल्याला हात केला.

रोप तंग झाली. एक तार तुटली. मग दुसरी.

"डाउन!" भोयर ओरडले.

तुटलेली रोप आमच्या डोक्यांवरून शीळ घालत गेली आणि मागचा पत्रा उभा चिरला. टँकर आणखी कलला. हनुवटीखाली आता तीन बोटं.

भोयरांनी वही घेतली. "हे पन्नास कुठून आणले?"

"टेप गुंडाळून, उस्ताद."

"माणसाच्या गळ्याले टेप गुंडाळून त्याची उंची लिहितं का रे तू?"

मी पन्नासवर काट मारली.

"सोळा घाल. किती?"

"दोन हजार अठ्ठेचाळीस. दोन टन, उस्ताद."

"कप्प्या लावून रोपचे चार फेरे होतात. मग?"

"आठ टन."

"ओढ आठ, तर वजन किती पाहिजे?"

"वजनाची दुप्पट बरोबर आठ. वजन चार."

"म्हणजे टँकर रिकामा पाहिजे. मैला खड्ड्यात सोडला तर गाळ किती चढन?"

खड्ड्याचे काठ मी दोनदा मोजले. वीस मीटर बाय दहा. चार टन म्हणजे साधारण चार घनमीटर. भागिले दोनशे. "दोन सेंटिमीटर, उस्ताद. एक बोट."

"तीन आहेत. व्हॉल्व्ह कोण उघडन?"

कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही. मी बूट काढले.

व्हॉल्व्ह टँकरच्या मागं, गाळाच्या जेमतेम वर होता. छातीपर्यंत गाळात उभं राहून मी चाक फिरवलं. धार गाळावर आदळून वर उडाली. फौजी शिस्त अशी की काम झालं की रिपोर्ट द्यायचा. "व्हॉल्व्ह ओपन" सांगायला मी तोंड उघडलं. रिपोर्ट पूर्ण झाला नाही. किळस हा शब्द मी तोवर उगाच वापरत होतो.

तिकडे भोयर शिडीवरून केबिनमध्ये वाकले होते. दुकालूची हनुवटी त्यांच्या तळहातावर. "मेरी तरफ देख. नीचे नहीं."

"हव," म्हणजे हो, एवढंच दुकालू म्हणायचा. वीस मिनिटं हेच चाललं. गाळ चढला. दोन बोटं राहिली.

तीन पंचावन्नला नवी रोप, चार फेरे. विंच सुरू. टँकर इंचाइंचानं सरळ झाला. चार दहाला दार कापून दुकालूला बाहेर काढलं. पाय दोन जागी मोडलेला, माणूस जिवंत.

पुढच्या हिवाळ्यात डोंगरात पूल टाकताना त्याचं लोखंडी पॅनेल घसरलं. भोयरांनी खालच्या दोघांना ढकलून बाजूला केलं. ते स्वतः निघू शकले नाहीत. मी तिथं नव्हतो.

आता मी रिटायर होऊन बुढापाऱ्यातच आहे. दरवर्षी त्या तारखेला बैठकीत त्यांचा फोटो ठेवतो. शेजारी येतात. भनपुरीहून दुकालू लंगडत हार घेऊन येतो. यंदा कोणीतरी विचारलं म्हणून मी उरल्याची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणालो, "तर असं आम्ही दुकालूला वाचवलं."

दुकालूनं चहाचा कप खाली ठेवला.

"हम कौन, भैया? बचाया हवलदार साहब ने. तुम तो मेरे को मारने का हिसाब लिख के लाए थे."