पिनेला बांधलेली सुतळी

ऐंशीच्या दशकात देवळीजवळच्या एका सूतगिरणीत मी विजेची कामे पाहत असे. त्याआधी काही वर्षे शाळेत विज्ञान शिकवले होते, म्हणून सगळे मला मास्तरच म्हणत. गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी वाहणारी बॅटरीची एक गाडी होती. चालवणारा तिचा दांडा धरून पुढे चाले आणि गाडी त्याच्या मागोमाग येई. दांड्यावरचा खटका दाबला की आतला कॉन्टॅक्टर मोटारीला वीज जोडी. खटका सोडला की तोडी. गाडीचे थांबणे या तोडण्यावरच अवलंबून होते.

तो कॉन्टॅक्टर जळाला. नवा पुण्याहून यायचा होता. साहेब म्हणाले, तोवर काहीतरी बसवा. मी विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर काढला, त्याची कॉइल बॅटरीला चालेल अशी गुंडाळून घेतली आणि तो बसवला. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते; ती तोडताना उठलेली ठिणगी लवकर विझत नाही. पंपाचा कॉन्टॅक्टर अशा ठिणगीसाठी केलेला नसतो. त्याची टोके वितळून एकमेकांना चिकटली, तर खटका सोडूनही गाडी चालतच राहणार. हे मला ठाऊक होते. गाडी चालवणाऱ्या काकांना मात्र मी सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी दांड्याला हात लावला नसता, आणि काम अडवल्याचा ठपका माझ्यावर आला असता.

म्हणून मी बॅटरीच्या जाड पिनेवर हात ठेवून गाडीबरोबर चालू लागलो. पिन उपसली की वीज बंद. प्रत्येक वेळी खटका सुटला की वीज तुटल्याचा आतला 'टक्' ऐकू येईपर्यंत माझा श्वास अडकलेला असे.

"मास्तर, नवरदेवाच्या घोड्यासंगं चालल्यावानी काऊन चालून राह्यले?" काका हसत.

"पिन सैल आहे," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच फेरीत, खटका सुटला आणि 'टक्' आला नाही. काका वळले, दोन्ही हातांनी गाडी रोखू लागले. गाडी त्यांना गाठींच्या थप्पीकडे रेटत निघाली. मी पिन ओढली. हलेना. खाली पाहिले, तर पिनेभोवती सुतळीचे वेढे.

"सुरगाठ आहे जी! शेंडा ओढा, शेंडा!" काका ओरडले.

बैल बांधतात तशी गाठ. एका हिसक्यात सुटली आणि मी पिन उपसली. गाडी थांबली तेव्हा काकांची पाठ थप्पीला आणि दांडा बरगड्यांना टेकला होता.

ते दांड्याआडून बाजूला सरकले. "तुमाले दिवसभर धरून राहा लागते, म्हणून बांधली मी." मग माझ्याकडे न पाहता, "मले सांगतलं काऊन नाई?"

नवा कॉन्टॅक्टर येईपर्यंत गाडी उभी राहिली. तो बसवल्यावर मी खडूने फरशीवर आकृती काढून सगळे समजावले. काकांनी शेवटपर्यंत ऐकले आणि पिनेवर स्वतःचा हात ठेवला.

"समजलं. आता पहिली फेरी तुमी मारा. पिन मी धरतो."

मी दांडा हाती घेतला. मागे चार गाठींचे ओझे, पुढे थप्पी. वीस पावलांवर खटका सोडायचा असे ठरवले होते. दहा पावलांवरच सोडला. 'टक्' वाजला.

"अजून जागा आहे जी," मागून काका म्हणाले. "चाला."