पदकावरची तारीख

माझे पणजोबा सिंगापूरला जाणाऱ्या बोटीवर खलाशी होते. त्यांच्या पदकावर इंग्रजी अक्षरांत ‘तारिक’ एवढंच उरलं होतं, पुढचं झिजलेलं. घरातल्या शहाण्यांनी ठरवूनच टाकलं होतं, तारीख पुसली गेलीय आणि पदक धावण्याचंच आहे!

सिंगापूरला आल्यापासून मी ते पर्समध्ये घेऊन फिरते. परवा पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये ‘तेह तारिक’ नावाचा चहा मागवला. चहावाल्याने मगातून हातभर लांब धार ओढली.

“तारिक म्हणजे काय हो?”

“मलायमध्ये ओढणं.”

मी पदकच पुढे केलं. कडेच्या नक्षीवर बोट ठेवून तो म्हणाला, “हा दोर! तारिक ताली. रस्सीखेच!”

चहा तसाच टाकून मी पुण्याला फोन लावला. “बाबा, तुमचे आजोबा धावलेच नव्हते! जागचे हललेसुद्धा नव्हते!”