प्रश्न आला की माझ्याकडे बघा

त्या मेलमध्ये इंग्रजीबद्दल एक शब्दही नव्हता. तरी मी शोभाताईंना फोनवर सांगितलं, "ताई, इंग्रजी कमी पडलं." हे खोटं मी जवळजवळ वर्षभर जपलं.

मी परभणीत प्रेझेंटेशन स्किल्सचा क्लास चालवतो. लोकांसमोर उभं राहून इंग्रजीत मुद्देसूद कसं बोलायचं, ते शिकवतो. विद्यार्थी बहुतेक कॉलेजची मुलं, अधूनमधून एखादा बँकेतला साहेब. शोभाताई वेगळ्या होत्या. देवगाव फाट्याजवळ त्यांचा दहा-बारा बायकांचा गट भाड्याची जुनी डाळ मिल चालवत होता. मालक ती परत मागत होता. तेवढ्यात कळलं की बाहेरची एक कंपनी अशा गटांना स्वतःची मिल घेऊन देणार आहे. निवड समितीतल्या लोकांना मराठी येत नव्हतं, म्हणून गटाच्या प्रमुख बाईने त्यांच्यासमोर आठ मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. ताई बारावी शिकलेल्या. त्यांनी मला शोधून काढलं.

आठवड्यातून दोनदा मी सेलूमार्गे एसटीने तिथे जायचो. त्या दुपारी अजून डोळ्यांसमोर तरंगतात. पत्र्याला एक भोक होतं. त्यातून उन्हाचा दांडा तिरपा उतरायचा आणि त्यात डाळीची पिवळी धूळ वर जायची, खाली यायची, पण कुठे बसताना दिसायची नाही. मिल बंद केली तरी तिची घरघर कानात राहायची. बायका पोत्यांना टेकून पेंगायच्या. त्या घरघरीत ताईंचं इंग्रजी थप्प्यांमधून फिरून परत यायचं, आणि ते त्यांचं नसून कुणा तिसऱ्याचं आहे असं वाटायचं. मला ते गोड वाटायचं. तेव्हाच जागं व्हायला हवं होतं.

प्रेझेंटेशनला एक सांगाडा असतो. आधी ओपनिंग, म्हणजे ऐकणाऱ्याने मान वर करावी असं पहिलं वाक्य. मग तीन मुद्दे, जास्त नाहीत. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना साइनपोस्ट द्यायचा. फाट्यावर पाटी असते ना, सेलू इकडे, जिंतूर तिकडे, तसं "नाउ लेट मी कम टू" म्हणायचं, म्हणजे ऐकणारा चुकत नाही. शेवटी क्लोजिंग. हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवलं आहे आणि ते खरंही आहे.

ताईंनी पहिल्याच दिवशी स्वतःचं ओपनिंग आणलं होतं. "वुई ग्रो तूर. बट वुई बाय डाळ फ्रॉम शॉप." तूर आम्ही पिकवतो आणि डाळ दुकानातून आणतो.

"घरगुती वाटतं, ताई," मी म्हणालो, आणि लिहून दिलं, "पल्सेस प्ले अ व्हायटल रोल इन इंडियन ॲग्रिकल्चर."

"सर, म्हंजे काय?"

"कडधान्यांना शेतीत महत्त्व आहे."

"ते तर सगळ्यायलाच माहीत हाय की."

"ताई, तुम्ही पाठ करा."

आमच्याकडे इंग्रजी असंच शिकलं जातं. मी तसाच शिकलो. दहावीचे निबंध मी श्वास कुठे घ्यायचा त्यासकट पाठ केले होते. कॉलेजच्या मुलांना मी हे कधी करू देत नाही, पण मिलच्या बाईला करायला लावलं. आठही मिनिटं लिहून दिली. थांबायच्या जागी लाल उभी रेघ मारली. ताईंनी महिन्याभरात ते शब्द न शब्द पाठ केलं.

गटातल्या सगळ्यांत वयस्क कौसाबाई एका दुपारी पोत्यावरून म्हणाल्या, "शोभे, तू बोलायलीस का रेडिओ बोलायलाय?"

बायका हसल्या. ताईही हसल्या. मी म्हणालो, "कौसाबाई, हे प्रोफेशनल आहे."

"असंल बाबा. पर रेडिओला मधीच काई इचारलं तर सांगतो का त्यो?"

प्रश्न बरोबर होता. समिती शेवटी प्रश्न विचारणार होती. मी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत नियम लिहून दिला: प्रश्न आला की माझ्याकडे बघा. मी सांभाळतो.

परभणीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. एसी इतका थंड की सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. आवाज लांबून यायचे. ताई उभ्या राहिल्या आणि आठ मिनिटं बोलल्या. एक शब्द चुकला नाही. लाल रेघ आली की थांबायच्या. मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होतो.

मग समितीतल्या मॅडमनी विचारलं, "इफ द मशीन स्टॉप्स, हू विल रिपेअर इट?" मशीन बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार?

ताईंचा चेहरा उजळला. त्याच सकाळी मोटरचा पट्टा बदलून त्या आल्या होत्या. नखांत अजून ग्रीस होतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि मग त्यांना माझा नियम आठवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी उठलो. ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे दुरुस्तीचा वर्षभराचा करार करू, असं सफाईदार सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "आय आस्क्ड हर."

मी हसून म्हणालो, "शी नोज, मॅडम. बट हर इंग्लिश इज नॉट देअर यट."

एवढं इंग्रजी ताईंना कळलं. त्यांनी मान खाली घातली. नंतर तीन प्रश्न आले. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तिन्ही वेळा मी बोललो.

फॉर्मवर मेल आयडी माझा होता. उत्तर मला आलं. त्यात लिहिलं होतं की प्रमुख बाई आत्मविश्वासाने बोलल्या, पण प्रत्येक उत्तर प्रशिक्षकाने दिलं. गट स्वतः मिल चालवतो की कुणीतरी त्यांच्या नावाने चालवतं, याची समितीला खात्री वाटली नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग ताईंना फोन केला आणि वर सांगितलेलं वाक्य बोललो. पलीकडे मिलची घरघर चालू होती. त्या म्हणाल्या, "बरं सर. तुमी तर लय केलं."

बायकांनी विनवण्या केल्यावर मालकाने आणखी एक हंगाम दिला. पुढच्या वर्षी कंपनीने पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा ताईंचा फोन आला. "सर, या वेळी कौसाबाईची सून बोलणार हाय. ती कॉलेजात जायलीय. मी आपली पट्टा-बिट्टा बघते. मला काई इंग्रजी जमायचं न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो. वाटेत सवयीने ओपनिंग ठरवलं, तीन मुद्दे ठरवले. बाहेर कापसाची वाळलेली शेतं एकसारखी मागे जात होती, आणि मुद्दे पुन्हा पुन्हा विस्कटत होते.

मिलमध्ये सगळ्या होत्या. मी फोन काढला आणि तो मेल मराठीत वाचून दाखवला, सगळा. फोनवर मी काय खोटं सांगितलं होतं तेही सांगितलं. "खरं सांगितलं असतं तर माझ्या क्लासचं नाव गेलं असतं," म्हणालो.

मिल बंद होती. ताईंनी हळूच विचारलं, "म्हंजे त्या मॅडमनी मलाच इचारलं होतं?"

"हो."

"अन् मला येत होतं."

"हो. तुम्हाला येत होतं."

त्यांनी ट्रंकेतून अर्ज काढला. सुनेचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. सून जोरात म्हणाली, "सुटले बाई!" ताई माझ्याकडे न बघता बोलल्या, "सर, लिहून काई देऊ नका. मी बोलते, तुमी फक्त शब्द चुकला तर सांगा. अन् त्या दिवशी हॉलमधी येऊ नका."

"नाही येणार."

माझ्या धंद्यात याचा धडा एका ओळीचा आहे: ज्याचं काम, त्यालाच प्रश्नाला उत्तर देऊ द्यावं. मी तो समजावून सांगू लागलो. कारणं सांगितली, परिस्थिती सांगितली, माझी शाळा कशी होती ते सांगितलं. कौसाबाई सुपातली तूर पाखडत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी सूप खाली ठेवलं.

"शोभे, मास्तर कवाचा बोलायलाय. माफी मागितली का गं त्यानं?"

मी चपला काढल्या, का ते मला माहीत नाही, आणि ताईंसमोर उभा राहिलो.

"ताई, तुमचं काहीच कमी पडलं नव्हतं. मी मध्ये आलो आणि वर तुमच्यावरच ढकललं. माझं चुकलं. मला माफ करा."