खालचा हात

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरात नर्स होते. कर्जतकडची एक बाई भरती झाली. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिचा उजवा खांदा निखळला होता, आणि नंतर हात वर नेला की पुन्हापुन्हा निखळायचा. ऑपरेशन ठरलं.

आदल्या दिवशी मी तिला वॉर्डातच डाव्या कुशीवर निजवून दाखवलं. "उद्या तुला असं झोपवणार."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "शिस्टरबाई, खालच्या हाताला मुंग्या येत्यात."

"उद्या काखेच्या खाली, बरगडीला चादरीची गुंडाळी ठेवीन. मग हात दबायचा नाही."

"ठिवा बरं का. इसराल."

दुसऱ्या दिवशी ती बेशुद्ध झाल्यावर आम्ही तिला कुशीवर वळवलं. त्यात सलाईनची सुई निसटली, ती पुन्हा लावण्यात धांदल उडाली. हिरवी कापडं अंथरून झाली, डॉक्टरांनी सुरी मागितली, आणि माझी नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली. गुंडाळी तिथंच होती.

एक शब्द बोलले असते तर कापडं काढून पुन्हा अंथरण्यात दहा मिनिटं गेली असती, वर बोलणी बसली असती. मी सुरी हातात दिली. पुढचे दोन तास मी हत्यारं देत होते आणि कापडाखालचा, न दिसणारा हात मला दिसत होता.

सकाळी तिचा उजवा हात छातीशी बांधलेला होता. डावा तिनं उचलला, तर मनगटापासून पंजा खाली लोंबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. "ह्यो हात माझा न्हाई," म्हणाली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "गुंडाळी ठेवली होती ना?"

"हो सर."

ती घरी जाईपर्यंत रोज मीच तिला भाकरी कुस्करून भरवली, पाणी पाजलं, बोटांना व्यायाम दिला. माझी ड्युटी नसली तरी जायचे. बाकीच्या बायकांना ती सांगायची, "सख्खी भईन बी इतकं करत न्हाई." ते ऐकलं की मला घास पुढं करवत नसे.

पाच-सहा महिन्यांनी ती तपासायला आली. खांदा पक्का बसला होता. डावं मनगट वर उचललं जात होतं. फक्त अंगठा मागं राहायचा. "कळशी धरती, पन भाकर थापाया जमत न्हाई अजून," असं म्हणून ती हसली. माझ्यासाठी तिनं हुलग्यांचं गाठोडं आणलं होतं. मी ते घेतलं.

ती गेल्यावर मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते हात धूत होते, धूतच राहिले. "त्याच वेळी बोलायचं होतंस," एवढंच म्हणाले.

तिला सांगायला पाहिजे होतं. गावाचं नाव केसपेपरवर होतं, कर्जतची एस.टी. रोज सुटायची. मी गेले नाही.

आता वयानं झोप सावध झाली आहे. कुशीवर असताना हात बधिरला की मी उठून बसते आणि पंजा वर येतो का, ते बघते.