वाफवलेली सुरमई

हे यांनाही ठाऊक नाही. बहिणीलासुद्धा सांगितलं नाही — आणि तिच्यापासून मी कधी काय लपवलंय? पण हे लपवलं.

आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. माझे सासरे, अण्णा, मालवणहून उपचारांसाठी आमच्याकडे आले होते. हृदय पार थकलेलं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, तशी मी सुरमई वाफवायला लागले — लिंबू, आलं, तेलाचा थेंब नाही. अण्णा कुरकुरायचे, "सूनबाई, हे आजाऱ्याचं जेवण गं! मासा कसा रव्यात घोळून तव्यावर चुरचुरला पाहिजे." मी हसायचे. तोवर सगळं खरंच होतं.

मग एकदा तपासणीला मी एकटीच त्यांना घेऊन गेले. त्यांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. थोडेच दिवस उरलेत म्हणाले. "अब परहेज़ का कोई फ़ायदा नहीं. जो मन करे, खिलाइए."

दिवसांचं मी यांना सांगितलं. खाण्याचं नाही सांगितलं.

का? आमच्या वरच्या मजल्यावर यांच्या ऑफिसातले एक सिनियर राहायचे, शुद्ध शाकाहारी. मासळी तळली की त्यांची बायको जिन्यात नाकाला पदर लावून म्हणायची, "आज फिर?" यांचं प्रमोशन अडकलं होतं — नाही, ते कारण मी मागाहून शोधलं. मला फक्त तिच्यासमोर ओशाळं व्हायचं नव्हतं. वाफवलेल्याचा वास जिन्यापर्यंत जात नाही. एवढंच होतं हो! शिवाय सगळे म्हणायचे, सून असावी तर अशी, किती पथ्य सांभाळते. मला ते आवडायचं — हेही सांगून टाकते.

शेवटच्या आठवड्यात अण्णांनी विचारलं, "एकच तुकडी तळून देशील? डॉक्टरांना विचारून बघ ना."

मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "विचारलं अण्णा. नाही म्हणाले."

"मग राहू दे, बाय. माझ्यासाठीच करतेस ना तू." आणि ती पांढरी, बेचव तुकडी त्यांनी सगळी संपवली — मला वाईट वाटू नये म्हणून.

चार दिवसांनी ते गेले. सगळ्यांत आधी वरची शेजारीण धावत खाली आली. मी तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.