सदाशिव सरांचं हिमयुग

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. पुसदमधून ती त्या वर्षीही गेली. फक्त सदाशिव सरांच्या घरून काही केल्या निघेना.

सर भूगोलाचे. निम्म्या पुसदने त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोसमी वाऱ्यांच्या दिशा पाठ केलेल्या. निवृत्तीनंतर शिकवायला वर्ग उरला नाही, तेव्हा त्यांनी ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या बागेतला बाक धरला. तिथे वाद घालायचे. सगळे पूर्व म्हणाले की सर पश्चिम म्हणणार, ही खोड जुनीच. त्यामुळे दिवाळीनंतर एका सकाळी ते जेव्हा म्हणाले की पृथ्वी तापत नाहीये, थंड होतेय, तेव्हा कुणालाही नवल वाटलं नाही. उलट सगळे सरसावून बसले. महिनाभर पुरेल असा विषय मिळाला होता.

"आम्ही कॉलेजात होतो तेव्हा मासिकांतून येत असे," सर सांगायचे, "की दोन हिमयुगांमधली ही ऊब आता संपत आली. मध्यंतरी लोक विसरले, एवढंच."

घनश्यामराव त्यांचे पक्के विरोधक आणि त्याहून पक्के मित्र. शेती मुलाच्या हवाली करून गावात राहायला आलेले, पण जीव अजून तुरीच्या ओळीत. ते म्हणायचे, "सर, तुमची पृथ्वी थंडी होऊन राह्यली, त माह्या तुरीचा फुलोरा काहून करपून राह्यला? मले समजावून सांगा."

"एका वावरावरून जगाचं हवामान ठरवायचं नसतं, घनश्यामराव."

"मंग कायच्यावरून ठरवाव? तुमच्या मफलरीवरून?"

बाक हसायचा. सरही हसायचे आणि मफलर आणखी एक वेढा घट्ट करायचे. मंडळात त्यांचं नाव 'हिमयुग सर' पडलं.

हा वाद बागेत राहिला असता तर सरांच्या पत्नी शुभदाताईंची काही तक्रार नसती. पोस्टातून निवृत्त झालेली ही बाई. आयुष्यभर खिडकीतून लोकांची गाऱ्हाणी ऐकलेली, त्यामुळे नवऱ्याचं हिमयुग एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणं तिला जड नव्हतं. पण सर तो वाद घरी घेऊन यायला लागले. मार्च उजाडला, भिंती हाताला गरम लागायला लागल्या, आणि हा माणूस पंखा बंद करायचा. ताई लावायच्या, सर बंद करायचे.

"मुद्दा सिद्ध करायला माझा जीव घेता का आता?" होळीच्या सुमारास एकदा त्यांचा तोल गेलाच.

"पंख्याची गरज नाही, एवढंच म्हणून राहिलो मी."

"तुम्हाला नसेल. मी माणूस आहे."

त्या रात्रीपासून ताईंनी आपला पलंग पुढच्या खोलीत, पंख्याखाली नेला. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. रागाने नेला, आणि राग गेल्यावर परत आणायचं कोण म्हणणार, म्हणून तो तिथेच राहिला.  सरांचं बोलणंही कमी झालं होतं. जेवताना घास हातात धरून बसायचे, हाक मारली की उशिरा वळायचे. वय झालं, ताई मनाशी म्हणायच्या. मग भांडी जरा जास्तच जोरात घासायच्या.

एप्रिलमध्ये मंडळाच्या व्याख्यानमालेत शेवटच्या संध्याकाळी जाहीर वादविवाद ठेवला: पृथ्वी तापते आहे की थंड होते आहे? एका बाजूला घनश्यामराव, दुसरीकडे सर. शाळेचं सभागृह गच्च भरलं. पंखे गरगरत होते आणि गरम वाराच फिरवत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? निकाल ऐकणाऱ्यांच्या अंगातून वाहत होता. तरी लोक सरांसाठी आले होते, कारण ते हरणारी बाजू अशी मांडतील की मजा येईल.

घनश्यामराव आधी बोलले. दीडशे वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान एक अंशाहून जास्त वाढलं, हे त्यांनी नातीकडून पाठ करून घेतलेलं वाक्य दोनदा म्हटलं. पुढे आपल्या बोलीत आले. "रातीबी आता जमीन निवत नाही हो. पहिले पहाटं वावरात पाय ठेवला त गार लागे."

मग सर उठले. कोट, आत स्वेटर, वर मफलर. वेशभूषेलाच टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत ताईंनी मान खाली घातली. ह्या वयात ही सोंगं!

सरांचा आवाज घोगरा लागला होता. हिमयुगांचं सांगता सांगता ते मध्येच अडखळले, पुढचं आठवेना, कागदही जवळ नव्हता. मग म्हणाले, "आकडे राहू द्या. मी स्वतः अनुभवतोय. मार्चमध्ये मी दोन रजया घेऊन झोपलो. तरी पहाटे पाय गरम होत नाहीत."

सभागृह हसून लोळलं. घनश्यामराव तर डोळे पुसत होते.

ताईही हसल्या, आणि अर्ध्यातच थांबल्या. हा माणूस वादात नकाशा दाखवतो, आकडे फेकतो, समोरच्याचं वाक्य त्याच्याच गळ्यात बांधतो. पण स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून? 'मला वाटतं' असं एखाद्या पोराने पेपरात लिहिलं तर सर त्याचे मार्क कापायचे. आणि दोन रजया. आपण पुढच्या खोलीत पंख्याखाली होतो, तेव्हा हा आतल्या खोलीत एकटा दोन रजया घेऊन पाय गरम व्हायची वाट बघत होता.

घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा पेला सरांच्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला. बोटं गार होती. चालत आलेल्या माणसाची, एप्रिलातली, गार बोटं.

"पृथ्वीचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला थंडी वाजते का?"

 सरांच्या घरात पुरुषाने डोकं दुखतं म्हणायची पद्धत नव्हती. हवा बिघडली आहे, दिवस वाईट आहेत, जमाना बदलला, असं म्हणायची होती. वडीलही तसेच गेले.

"हो," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून वाजून राहिली, शुभदा. मला वाटलं, मीच संपत आलो. म्हणून म्हटलं, पृथ्वीच असेल तर बरं."

ताईंनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि मोकळेपणाने रडल्या. ज्या ज्या गोष्टीला आपण हट्ट म्हटलं, ती प्रत्येक आठवून त्यांना लाज वाटली. भीती त्याहून मोठी होती.

डॉक्टरांकडे यायला सर अर्थातच तयार नव्हते. तेव्हा आयुष्यात कधी मुद्देसूद वाद न घातलेल्या शुभदाताई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता थंड होतंय. कबूल. पण कुठे होतंय, ते मोजायला नको? मोजल्याशिवाय बोलणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचे वर्गात?" सरांनी निमूट चपला घातल्या.

रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पार मंदावली आहे. थंडी, सुस्ती, घोगरा आवाज, विसरणं, सगळं त्याचंच. रोज पहाटे उपाशीपोटी गोळी. सावकाश फरक पडेल, काहींना जास्त वेळ लागतो. "वय झालं म्हणून लोक अंगावर काढतात," ते म्हणाले, आणि ताई त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत बसल्या.

रिक्षात सर हळूच म्हणाले, "म्हणजे पृथ्वी ठीक आहे."

"पृथ्वी ठीक नाही. तुम्ही ठीक व्हाल."

"मग तर घनश्यामचंच खरं झालं," सर म्हणाले, आणि खरोखरच खिन्न झाले.

ताईंनी पलंग परत आत नेला. पंखा बंद. उकाड्याने जीव कासावीस व्हायचा, पण त्या सरांचे पाय आपल्या पायांत घेऊन पडून राहायच्या. नवी सून जशी व्रत करते तशी त्या एकच मागणी करायच्या: देवा, यांना ह्या वादात हरव. मे सुरू झाला, सर तसेच गार. गोळी चुकीची तर नाही? दुसरंच काही तर नाही? विचारायचं धाडस होईना.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागला. पुसदच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नव्हतं. अशा उन्हात घनश्यामराव डोक्याला दुपट्टा गुंडाळून दारात हजर. सरांच्या आजाराचं त्यांना ठाऊक होतं; बागेतला बाक ओस पडला होता, भांडायला माणूस नव्हता, त्यांना करमेना.

"वहिनी, सर कसे हायेत?"

ताई काही बोलणार, तोच आतून सर आले. अंगात नुसता बनियन, चेहरा लाल, आणि सगळ्या जगावर चिडलेले.

"काय उकडून राहिलं हो, घनश्यामराव! माणसाने जगावं कसं?"

 घनश्यामराव टाळी वाजवून ओरडले, "हारले! सर हारले! चाला आता मंडळात, सगळ्यायले सांगतो!" आणि डोक्याचा दुपट्टा सोडून डोळे पुसू लागले.

शुभदाताईंनी पुढे होऊन सरांच्या पाठीवर हात ठेवला. बनियन ओलाचिंब होता. तळहात घामाने निथळला. त्या दुपारी सारं गाव घामाला शिव्या घालत असताना त्यांनी तो हात पदराला पुसला नाही. मूठ तशीच घट्ट मिटून त्या दोघांसाठी पन्हं करायला आत गेल्या.