पाऊण वाटी पाणी

डोणगावच्या भाऊराव अवसरमोलांनी तेहतीस वर्षं टपाल वाटलं. त्या तेहतीस वर्षांत दाढीचे खुंट घेऊन ते एकदाही कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकायची, खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचा आणि घरीच दाढी करायची. पाणी मोजून पाऊण वाटी. आधी ओला पंचा गालांवर दोन-चार मिनिटं धरायचा, मग ब्रश वाटीत बुडवून फेस काढायचा. रेझर दोनदा फिरला की ते तो पाण्यात खळबळायचे नाहीत, मांडीवरच्या ओल्या फडक्याला पुसायचे. तळाशी उरलेल्या पाण्यात पंचा भिजवून तोंड पुसलं की काम संपलं. रिटायर झाल्यावरही यात एका दिवसाचा खाडा नव्हता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. मेहकरच्या दवाखान्यातून नवव्या दिवशी घरी आणलं तेव्हा गालांवर पांढरी दाढी माजली होती. जनकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एवढं आजारपण निभावलं, पण ती दाढी त्यांना बघवली नाही.

त्यांनी बाजारातल्या सलूनमधून कारागीर बोलावला. तो दोनदा आला. हात चांगला होता त्याचा, पण दर वेळी अर्धी बादली पाणी संपवून गेला, आणि नळ तर तेव्हा बारा-बारा दिवसांनी येत होता. पुढं लग्नसराई लागली आणि तो यायचाच थांबला. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा, संघपाल, ट्रिमर घेऊन आला. भाऊरावांनी मशीन गालावर फिरवू दिली, मग डाव्या हातानं गाल चाचपला आणि मान फिरवली. तीनदा प्रयत्न केल्यावर त्यांचे शब्द कळले.

"खुंट राह्यते."

ट्रिमर कपाटात गेला. दाढी पुन्हा वाढली.

एका दुपारी भाऊरावांचे मोठे भाऊ निवृत्ती बघायला आले. हे जनकाबाईंचे भासरे. लग्न होऊन आल्यापासून, चाळीस वर्षं, त्या यांच्यासमोर पदर पुढं ओढून, भिंतीकडं बघून बोलत आल्या होत्या. दाढीचा विषय निघाला तसे निवृत्ती म्हणाले, "कायले इतका जीव काढतं, जनका? पडला हाये घरात. आता कोणाले दिसते तो?"

जनकाबाई चहा देत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच भासऱ्यांच्या तोंडाकडं सरळ पाहिलं.

"मले दिसतात," त्या म्हणाल्या.

निवृत्ती चहा अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनकाबाईंनी नवऱ्याला धरून ओट्यावर आणलं, खुर्चीत बसवलं आणि मागं उशी लावली. वाटीत पाणी घेतलं, रेझरला नवं ब्लेड लावलं. इतकी वर्षं हे सगळं त्या दारातून बघत आल्या होत्या, पण शिकायचं म्हणून कधी बघितलं नव्हतं. ब्रश बुडवताना वाटी कलंडली आणि अर्धं पाणी मांडीवर सांडलं. त्या दुसरी भरायला निघाल्या तर भाऊरावांनी डावं बोट वर केलं. एक. एकच वाटी.

"अहो, सांडली ना ते."

बोट खाली आलं नाही.

उरलेल्या पाण्यात त्यांनी दाढी केली. वाकड्या बाजूचा गाल सैल पडलेला, तिथं कातडी ताणून धरावी लागत होती. रेझर उभा लागला की भाऊराव त्यांचं मनगट धरून तो आडवा करत. हनुवटीखाली कापलंच. जनकाबाईंनी तुरटी दाबून धरली आणि त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं. तास लागला. शेवटी भाऊरावांनी डाव्या हातानं दोन्ही गाल चाचपले, हनुवटी चाचपली आणि डोळे मिटून बसून राहिले.

आठवड्याभरात जनकाबाईंचा हात बसला. रोज सकाळी, भर रस्त्यावरच्या ओट्यावर, पाऊण वाटीत दाढी. येणारे-जाणारे थबकून बघायचे. शेजारची शालूबाई ड्रम धुता धुता एकदा बोललीच, "प्यायले पाणी नाही गावात, अन् बिमार माणसाची रोज दाढी. काऊन ओ जनकाबाई?"

जनकाबाई वाटी घेऊन तिच्या दारात गेल्या.

"पाह्य. सगळी दाढी झाली अन् फडकं भिजवाले इतकं उरलं. तुया घरी टाकीच्या पाण्यावर बेसिनचा नळ मोकळा सोडून दाढी होते. पोरगा गालाले साबण लावून मोबाइल पाह्यते अन् पाणी वाह्यते. मले इथवर आवाज येते. ते बंद कर आंधी, मग माह्यी वाटी मोज."

शालूबाई ड्रम तसाच सोडून आत गेली.

गल्लीतली कुजबुज निवृत्तींच्या कानावर गेली आणि ते पुन्हा आले. ओट्यावर दाढी चाललेलीच होती.

"हे आत करत जाय," ते म्हणाले. "बाई माणूस रेझर घेऊन नवऱ्याच्या गळ्यापाशी, अन् तेही रस्त्यावर. लोकं हासून राह्यले."

"आत उजेड नाही, दादा."

"मंग लाइट लाव."

"लाइटानं सावली पडते. कापलं तर हासणारे तुरटी घेऊन येतीन का?"

दुसऱ्या दिवशी जनकाबाईंनी खुर्ची ओट्यावर ठेवलीच नाही. पायरी उतरवून खाली, अगदी रस्त्याच्या कडेला मांडली. तिथं ऊनही चांगलं येत होतं आणि जाणाऱ्या प्रत्येकाला भाऊराव नीट दिसत होते. ज्यांना टपाल वाटलं ते लोक थांबून 'जयभीम', 'रामराम' करू लागले. भाऊराव फेसानं भरलेलं तोंड हलवून उत्तर देत. फेस जनकाबाईंच्या हातावर उडायचा.

मग चौदा एप्रिल आला. दर जयंतीला भाऊराव पांढऱ्या सदऱ्यात, गुळगुळीत दाढी करून विहारात पुढच्या रांगेत असायचे. संघपाल आणि त्याची बायको सारिका आदल्या संध्याकाळी पुण्याहून आले होते. नळाला तेरावा दिवस होता. घरात एक घागर आणि रांजणाच्या तळाचं, एवढंच पाणी. त्यात निवृत्तींचा निरोप आला होता: भाऊला आणू नका, लाळ गळते, बरं दिसत नाही.

सकाळी जनकाबाईंनी वाटी काढली तसा संघपाल म्हणाला, "आई, आज राहू दे. प्यायलाच पुरेल एवढं आहे. आणि काका म्हणाले ना, घरीच ठेवा."

"माह्या वाटणीचं पेलाभर कमी कर," जनकाबाई म्हणाल्या. "मी संध्याकाळपर्यंत पित नाही. पण यायनं जयंतीले दाढी केली नाही असं एक साल गेलं नाही. लकवा शरीराले झाला. तोंडाले पाणी लावाले कोण मना करते मी पाह्यतो."

सारिका उठली आणि तिनं पंचा भिजवून आणला.

त्या दिवशी दाढी पाऊण वाटीतही नाही, अर्ध्या वाटीत झाली. मग पांढरा सदरा चढला. खुर्ची एका बाजूनं संघपालनं उचलली, एका बाजूनं गल्लीतल्या दोघांनी. जनकाबाई हातात रुमाल घेऊन बरोबर चालत होत्या. लाळ आली की पुसत होत्या, कोणापासून लपवत नव्हत्या.

विहाराच्या दारात निवृत्ती उभे होते. त्यांनी भावाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मागं सावलीत बसवा."

"पुढंच बसतीन," जनकाबाई म्हणाल्या. "रोजच्या जागी."

पुढच्या रांगेत, भाऊरावांच्या जागी, निवृत्तींचीच खुर्ची होती. त्यांनी ती स्वतः उचलून बाजूला सरकवली. वंदना झाल्यावर भाऊरावांनी डावा हात वर केला आणि 'जयभीम' म्हणाले. शब्द वाकडा निघाला. साऱ्या विहारानं तो सरळ करून परत दिला.

निवृत्ती अजूनही दाढीच्या वेळी येत नाहीत, नंतर येतात, आणि भावाशी बोलून जातात. शालूबाईच्या सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा ती जनकाबाईंना म्हणाली, तेवढी त्यांची दाढी करून द्या. जनकाबाई गेल्या, पण रेझर त्यांनी शालूबाईच्या हातात दिला आणि स्वतः फक्त वाटी धरून उभ्या राहिल्या.

पावसाळ्यानंतर भाऊरावांची जीभ थोडी सैल झाली. ब्रश आता ते डाव्या हातानं स्वतः फिरवतात, रेझर बायकोकडं. परवा दाढी झाली, त्यांनी गाल चाचपला आणि म्हणाले, "कानाजवळ राह्यलं."

जनकाबाई पंचा पिळत होत्या.

"राह्यलं तर राह्यलं," त्या म्हणाल्या. "पाणी संपलं."